रेनिन, मीठ आणि रक्तदाब : एका अनुमानाची चिकित्सा

मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढविणारे द्रव्य असते, हे टिगरस्टेट व बर्गमन यांनी 1898 साली सशांवरील प्रयोगांनी दाखविले व त्यास ‘रेनिन’ हे नाव दिले. रेनिनच्या क्रियेने रक्तात अँजिओटेन्सिन निर्माण होते; ते धमन्या आकुंचित करते आणि अल्डोस्टेरॉनकरवी शरीरात मीठ राखून ठेवते. यावरून रक्तदाब वाढला म्हणजे रेनिनही वाढले असलेच पाहिजे, असा समज सहज होतो. तो मात्र खरा नव्हे.

1972 साली ब्रुनर, लॅरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 219 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत 27 टक्के रुग्णांचे रेनिन कमी व केवळ 16 टक्क्यांचे अधिक आढळले. कमी रेनिनच्या 59 जणांपैकी एकासही हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेला नव्हता. सबब अल्प रेनिन हे जणू कवचच होय, असे अनुमान पुढे आले. हे अनुमान घाईचे होते. कॉन यांनी 1955 साली वर्णिलेल्या विकारात रेनिन अल्प असते, पण अल्डोस्टेरॉनच्या अतिरेकाने हृदय व मेंदू या दोहोंस धोका पोहोचतो.

तथापि त्या पाहणीची पद्धती मोलाची होती. रेनिनचा आकडा तीत चोवीस तासांच्या मूत्रातील सोडियमशी ताडून पाहिला होता. अनुमान लक्षात राहिले आणि पद्धती विसरली गेली, हीच खेदाची गोष्ट होय.

पेण आणि रोहे यांसारख्या ठिकाणी या विस्मरणाची किंमत विशेष आहे. पेणच्या प्रसिद्ध पापडात मीठ व पापडखार, दोन्ही सोडियमयुक्त; कुंडलिकेकाठच्या रोह्यात पावसाळ्यात सुकट-बोंबील व लोणची यांवर बरीच भिस्त. मीठ अधिक पोटात गेले की मूत्रपिंड रेनिनचा स्राव आवरते. म्हणजे कमी आकडा रुग्णाच्या मूत्रपिंडाविषयी नव्हे, तर त्याच्या ताटाविषयी बोलत असेल. त्यात औषधांचीही भर पडते : मूत्रल औषधे रेनिन वाढवितात, बीटा-रोधके ते घटवितात.

सारांश, आहार व औषधे यांची नोंद नसलेला रेनिनचा आकडा अर्धवट पुरावा होय. तो कमी आला म्हणून निर्धास्त न होता अल्डोस्टेरॉन तपासावे आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणावे, हाच या संशोधनाचा खरा बोध आहे.