हास्यामागचा हुंदका

सॅम्युएल बेकेट यांची ‘ऑल दॅट फॉल’ ही श्रुतिका बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर १३ जानेवारी १९५७ रोजी प्रसारित झाली. चिमुकली मिनी गमावलेली वृद्ध मॅडी आपल्या अंध पतीला आणावयास स्टेशनावर जाते. गाडी उशिरा येते. परतताना, पडणाऱ्यांना प्रभू सावरतो या १४५ व्या स्तोत्रातील वचनावर उद्या प्रवचन आहे, असे ती सांगते आणि दोघे खदखदून हसतात. वाचकहो, याला ईशनिंदा म्हणण्याची घाई नको. अखेरीस विलंबाचे कारण कळते: एक बालक गाडीखाली पडले होते! रंगमंचावर चेहरे दिसले असते. येथे आपणही अंध, केवळ कानांवर विसंबलेले. सांत्वनापूर्वी हुंदका ऐकावा, हेच या श्रुतिकेचे आम्हा प्रवचनकारांना सांगणे आहे.