सवाई गंधर्व महोत्सव आणि रागसमयाचा प्रश्न

सवाई गंधर्वांचे १९५२ मध्ये निधन झाल्यावर पं. भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ पासून पुण्यात हा महोत्सव सुरू झाला. गायन, वादन व नृत्य यांचा हा उत्सव कित्येक वर्षे रात्रभर चाले. सायंकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस व पहाटेचा ललत असा रागसमयाचा क्रम श्रोत्यास एकाच बैठकीत अनुभवता येई. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये मोकळ्या जागी रात्री १० नंतर ध्वनिवर्धकास बंदी आली. वर्षातील मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. परिणामी उत्तररात्र महोत्सवातून गळाली. नियमाचे प्रयोजन रास्तच आहे. परंतु रागसमय हा निव्वळ संकेत होय, हे समर्थन पटत नाही. संकेतामुळेच श्रोत्याचे कान घडतात. हजारोंचा समुदाय राखताना महोत्सवाने प्रहर गमावला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. बंदिस्त सभागृहास मात्र हा निर्बंध नाही. म्हणून आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या सभागृहात, पन्नास श्रोत्यांपुढे ध्वनिवर्धकाविना पहाटेची मैफल योजता येईल. मोठ्या महोत्सवास जे साधणे कठीण झाले, ते लहान सभेस शक्य आहे.