आयातीचा आकडा व लाकडाचे मोल : ईजिप्त आणि दक्षिण आफ्रिका

दोन देशांची आयात-कोष्टके शेजारी मांडली म्हणजे तुलना पूर्ण झाली, असा समज व्यापारविषयक अभ्यासात वारंवार आढळतो. ईजिप्त व दक्षिण आफ्रिका यांच्या मृदुकाष्ठाच्या आयातीबाबत तो विशेष दिशाभूल करणारा आहे. कोष्टकात ईजिप्त जगातील मोठ्या आयातदारांपैकी एक दिसतो, तर दक्षिण आफ्रिकेची आयात त्या मानाने अल्प भरते. त्यावरून पहिला देश परावलंबी व दुसरा स्वयंपूर्ण, असा निष्कर्ष सहज निघतो. त्याची परीक्षा होणे आवश्यक आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करावयास हवा. मृदुकाष्ठ म्हणजे मऊ लाकूड नव्हे. पाइन, स्प्रूस, देवदार इत्यादी सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडास ही संज्ञा लावतात. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चिरलेल्या लाकडाचे ४४०७ हे शीर्षक मृदु व कठीण अशा दोन्ही काष्ठांना सामावून घेते. त्यातील मृदुकाष्ठाचे एकच उपशीर्षक २०१७ मध्ये विभागले गेले. हा सांधा ध्यानात न घेतल्यास वर्गीकरणातील फरक हाच व्यापारातील फरक म्हणून वाचला जाईल.

ईजिप्तमध्ये इमारती लाकडाची वने नाहीत. स्नेफ्रू राजाच्या कारकीर्दीत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, चाळीस जहाजे भरून सूचिपर्णी लाकूड आणल्याची नोंद पालेर्मो शिलालेखात आहे. आधुनिक काळात हे लाकूड मुख्यतः फिनलंड, स्वीडन व रशिया येथून येते आणि दमिएत्ताच्या सुतारांपर्यंत पोचते. म्हणून तेथे आयात म्हणजे जवळजवळ उपभोगच होय. नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंडाचा विनिमयदर खुला होताच त्याचे मोल अल्पावधीत सुमारे निम्म्यावर आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयातदारांवर पतपत्राची सक्ती झाली व वर्षअखेर ती उठविण्यात आली. अशा काळात आयात घटली तर गरज ओसरली असे मानता येत नाही. चलनाची टंचाईही तिच्या मुळाशी असू शकते.

दक्षिण आफ्रिकेची कथा निराळी आहे. तेथील नैसर्गिक वने तुटपुंजी. पहिल्या महायुद्धात बाहेरील लाकडाचा पुरवठा खुंटला आणि सरकारी लागवडीस जोर आला. मेक्सिको, कॅलिफोर्निया येथील पाइन तेथे रुजविण्यात आले. आज सुमारे १२ लक्ष हेक्टर लागवडीपैकी जवळपास निम्मी पाइनची आहे. परंतु योंकर्सहुक येथे १९३५ पासून चाललेल्या निरीक्षणांनी दाखविले, की पाणलोटात पाइन लावल्यास ओढ्यांचा प्रवाह घटतो. म्हणूनच १९७२ मध्ये लागवडीस परवाना आवश्यक झाला आणि १९९८ च्या राष्ट्रीय जल अधिनियमाने व्यापारी वनलागवड ही प्रवाह घटविणारी क्रिया ठरविली.

यावरून मूळ निष्कर्षाची उणीव स्पष्ट होते. लाकडाचे मोल दोन्ही देशांना चुकते करावे लागते. ईजिप्तचे मोल बंदरात, परकीय चलनात मोजले जाते. दक्षिण आफ्रिकेचे मोल नदीच्या पाण्यात चुकते होते व आयातीच्या कोष्टकात उतरत नाही. सबब, घनमीटरातील आयातीसोबत देशी उत्पादन व निर्यात यांचा ताळेबंद मांडावा आणि त्याशेजारी लागवडीने घेतलेल्या पाण्याचाही हिशेब द्यावा. त्याविना केलेली तुलना एका देशाचा खर्च दाखविते व दुसऱ्याचा झाकून ठेवते.