तिळा उघड : एका खेळण्याचे गणित

अलिबाबाच्या गोष्टीतली गुहा एका ठरावीक वाक्याने उघडत असे. ते वाक्य ज्याच्या कानी पडले, त्याला गुहा मोकळी. रिमोटने उघडणाऱ्या कित्येक फाटकांची रचना आजही याच तत्त्वावर आहे. अमेरिकेतील सुरक्षा-संशोधक सॅमी कामकार यांनी जून २०१५ मध्ये ‘ओपन सेसमी’ नावाचा प्रयोग जाहीर केला. मुलांनी एकमेकांना निरोप पाठवावेत म्हणून मॅटेल कंपनीने काढलेले, पुढे उत्पादन बंद झालेले एक खेळणे त्यांनी घेतले. ठरावीक संकेतावर चालणारी गॅरेजची दारे त्याने दहा सेकंदांच्या आत उघडता येतात, असे त्यांनी दाखवले. गणिताच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग वारंवार सांगितला जातो. वर्गात तो जरूर सांगावा. पण त्यातले यश किती गणिताचे आणि किती समोरच्या यंत्राच्या ढिलाईचे, हे आधी तपासून घ्यायला हवे.

प्रथम संकेत वाचतात कसा ते पाहू. रिमोटचे बटण दाबले की रेडिओलहर सलग न जाता तुकड्यातुकड्यांनी जाते. सामान्यतः लांब तुकडा म्हणजे १ आणि आखूड तुकडा म्हणजे ०. जुन्या रिमोटच्या आत छोट्या खटक्यांची एक पट्टी असते. त्यातला एकच खटका बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे आणि नोंदलेल्या आलेखात कोणता तुकडा बदलला ते पाहायचे. बारा खटक्यांसाठी असे बारा वेळा केले की संकेताची लिपी उलगडते. एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगशाळेत आपण शिकवतो तोच नियम. चर्चा पुढच्या चलाखीची होते. विज्ञानाची शिस्त मात्र या पायरीत आहे.

आता हिशेब. १२ बिटांचे संकेत २^१२, म्हणजे ४०९६. शिवाय काही दारांचे संकेत ८ ते ११ बिटांचे असतात. हे सगळे एकापाठोपाठ पाठवायचे तर एकूण ८८,५७६ बिट होतात. दर बिटाला २ मिलिसेकंद, तेवढीच विश्रांती, आणि रिमोटच्या सवयीप्रमाणे प्रत्येक संकेत पाच वेळा धरला तर सुमारे साडेएकोणतीस मिनिटे लागतात. कामकार यांनी हा वेळ ८.२ सेकंदांवर आणला.

कसा आणला, हे मराठीच्या शिक्षकांना चटकन कळेल. वृत्ते शिकवताना आपण ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र पाठ करून घेतो. त्यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या, एक गण मिळतो : यमाता, मातारा, ताराज. आठ गण वेगवेगळे लिहिले तर २४ अक्षरे लागतात. सूत्रात ती दहात बसतात, कारण शेजारच्या गणांची दोन अक्षरे सामाईक असतात. लघूला ० आणि गुरूला १ लिहिले की ०१११०१०००१ हा क्रम तयार होतो आणि त्यात तीन बिटांचे आठही संकेत सापडतात. अशा क्रमांना डच गणिती डी ब्रॉइन यांचे नाव आहे. त्यांचा लेख १९४६ चा. १२ बिटांसाठी असा क्रम ४०९६ + ११, म्हणजे ४१०७ बिटांचा होतो.

पण साडेएकोणतीस मिनिटांपासून ८.२ सेकंदांपर्यंतची घट सुमारे २१६ पट आहे, आणि ती सगळी डी ब्रॉइन यांच्या खात्यावर टाकता येत नाही. पुनरावृत्ती टाळल्याने ५ पट, विश्रांती वगळल्याने २ पट, आणि १२ बिटांच्या क्रमात लहान संकेत आपोआप येत असल्याने सुमारे १.८ पट. उरलेली १२ पट घट केवळ अक्षरे सामाईक ठेवल्याची. म्हणजे चमत्कार वाटणाऱ्या घटीतला मोठा वाटा साध्या काटकसरीचा आहे. यात गणिताला उणेपणा नाही, पण विद्यार्थ्यांना गुणाकाराचे हे घटक वेगळे करून दाखवले नाहीत, तर त्यांच्या हाती फक्त नवल उरते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ही युक्ती चालते, कारण दाराचा रिसीव्हर संकेत कुठे सुरू झाला हे विचारतच नाही. शेवटचे १२ बिट जुळले की दार उघडते. न जुळले तर सर्वांत जुना बिट सोडून तो पुढचा घेतो. सगळेच रिसीव्हर इतके भोळे नसतात. पीटी २२६२ या प्रचलित चिपच्या संकेतात समक्रमणाची खूण असते आणि तिची जोडीदार चिप लागोपाठ दोन सारखे संकेत आल्याखेरीज हलत नाही. तिथे अक्षरे सामाईक ठेवण्याची सोय उरत नाही. म्हणून ‘कोणतेही दार दहा सेकंदांत’ असे सांगणे चूक आहे.

मग संकेत लांब केला तर? २० बिटांचा केला, तर तोच क्रम चालवायला सुमारे ३५ मिनिटे लागतील. पण एकदा ऐकलेला संकेत नोंदवून पुन्हा वाजवणाऱ्यापुढे लांबीचा काहीच उपयोग नाही. गुहेचे खरे दुखणे वाक्य लहान असण्याचे नव्हते, ते न बदलण्याचे होते. त्यावरचा उपाय म्हणजे दर वेळी बदलणारा संकेत, ज्याला रोलिंग कोड म्हणतात. तोही अभेद्य नाही. कीलॉक या प्रसिद्ध पद्धतीचे सूत्र बरीच वर्षे गुप्त ठेवले होते. ते बाहेर आल्यावर बेल्जियम आणि इस्रायलमधील संशोधकांनी २००७ मध्ये तिच्यातले दोष दाखवले, तर २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या गटाने चिपचा वीजवापर मोजून तिची गुप्त किल्ली मिळवली. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी कुलूप टिकले पाहिजे, हे तत्त्व केरखॉफ यांनी १८८३ मध्येच मांडले होते.

कामकार यांनी प्रसिद्ध केलेला प्रोग्राम मुद्दाम अपुरा ठेवला, हे योग्यच झाले. निर्मात्यांना जाग यायला तत्त्व पुरेसे होते. तयार हत्यार वाटण्याची गरज नव्हती. वर्गातही प्रक्षेपकाची गरज नाही. काळे-पांढरे मणी द्या आणि चार बिटांचे सोळाही संकेत सामावणारी १९ मण्यांची सर ओवायला सांगा. मग विचारा, ही सर निरुपयोगी ठरावी म्हणून रिसीव्हरमध्ये काय बदल कराल? पहिले काम कोडे सोडवण्याचे आहे. दुसऱ्यात विद्यार्थी दुसऱ्याच्या घराची जबाबदारी घेऊन विचार करतो, आणि या प्रयोगातून शिकवायचे असेल तर ते हेच.