‘बोगदा’ : एका शास्त्रीय रूपकाची परीक्षा

अतिशीत तपमानातील रासायनिक विक्रियांविषयी मराठीत लिहिताना ‘टनेलिंग’ या संज्ञेसाठी कोणी ‘बोगदा-परिणाम’ लिहितो, तर कोणी हिंदीतून ‘सुरंगन’ उचलतो. दुसऱ्या शब्दाचा निकाल लवकर लागतो. मराठीत सुरुंग लावला की खडक फुटतो. येथे तर काहीच फुटत नाही. ‘बोगदा’ या शब्दाची मात्र सावकाश परीक्षा करणे अवश्य आहे. तोही टाकाऊच ठरेल, अशा समजुतीने प्रस्तुत लेखकाने या विषयास हात घातला होता.

अर्‍हेनियसने १८८९ साली मांडलेल्या नियमानुसार विक्रियेस सक्रियण ऊर्जेचा डोंगर चढून जावे लागते. तपमान उतरले की चढू शकणाऱ्या रेणूंची संख्या झपाट्याने घटते आणि निरपेक्ष शून्यापाशी विक्रिया थांबावयास हवी. परंतु १९७३ मध्ये गोल्डान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्मॅल्डिहाइडच्या बहुवारिकीकरणात निराळेच दाखविले : सुमारे १० केल्व्हिनच्या खाली वेग घटावयाचा थांबला व स्थिर राहिला. याहून बोलका प्रयोग २००८ मधील, जर्मनीतील गीसेन विद्यापीठातील श्राइनर व सहकाऱ्यांचा. त्यांनी हायड्रॉक्सिमेथिलीन हा रेणू गोठलेल्या आर्गॉनमध्ये ११ केल्व्हिनवर कोंडून ठेवला. वाटेतील अडथळा सुमारे ३० किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे त्या तपमानातील औष्णिक ऊर्जेच्या हजारपटीहून अधिक. तरीही, अंधारात ठेवूनसुद्धा, सुमारे दोन तासांत निम्मा पदार्थ फॉर्मॅल्डिहाइड होऊन गेला!

येथे ‘बोगदा’ हा शब्द अडखळतो. बोगदा कोणीतरी खणलेला असतो व गाडी गेल्यावरही तो उरतो. रेणूतील अडथळ्यास मात्र भोक नसते. हायड्रोजनची तरंगरूप शक्यता अडथळ्याच्या आत क्षीण होत जाते, पण शून्य होत नाही. म्हणून अणू कधी पलीकडे आढळतो. शिवाय बोरघाटातील बोगद्यातून जडशीळ मालगाडी जाते तसे सुटे इंजिनही जाते. अणूंच्या जगात वजनाचा प्रश्न पहिला. त्याच प्रयोगात स्थलांतर करणाऱ्या हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्यूटेरियम घालताच रेणू होता तसाच राहिला. क्रियापदांचीही तीच गत आहे. ‘ओलांडणे’ म्हणजे वरून जाणे, ‘भेदणे’ म्हणजे छिद्र पाडणे; दोन्ही खोटी. ‘पलीकडे आढळणे’ हा प्रयोग ओबडधोबड खरा, पण प्रामाणिक आहे.

इतके झाल्यावर शब्द बाद करावा, तर २०११ चा प्रयोग आडवा येतो. श्राइनर यांच्याच गटाने मेथिलहायड्रॉक्सिकार्बीन हा रेणू घेतला. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या : व्हायनिल अल्कोहोलकडील सुमारे २२.६ किलोकॅलरींची आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडकडील सुमारे २८ किलोकॅलरींची. चढणाराने ठेंगणी वाट धरली असती. रेणू गेला तो उंच वाटेने, कारण तेथील अडथळा रुंदीस कमी होता. डोंगराची उंची नव्हे, जाडी पाहावी, हे ‘बोगदा’ या एका शब्दाने जितके चटकन कळते तितके कोणत्याही संस्कृत घडणीच्या संज्ञेने कळणार नाही. घाट आणि बोगदा यांतील भेद मराठी विद्यार्थ्यास शिकवावा लागत नाही.

तेव्हा नाम राहू द्यावे. पाठ्यपुस्तकांतून त्याच्याशेजारी येणारी ‘ओलांडतो’, ‘भेदतो’ ही क्रियापदे मात्र काढावीत, आणि व्याख्येच्या लगतच ड्यूटेरियमचे उदाहरण छापावे.