झेबेसची दुसरी फेरी

कादंबरी शेवटच्या प्रकरणापासून वाचणाऱ्या वाचकाविषयी टीकाकाराचे मत सहसा अनुकूल नसते. व्हिडिओ गेम हा शेवटी खेळच, म्हणून त्याच्या बाबतीत ही तक्रार कोणी गांभीर्याने करीत नाही. तरीही ज्याने ‘सुपर मेट्रॉइड’ एकदा मन लावून खेळला आहे, त्याला कधी ना कधी तोच खेळ पाऊण तासाच्या आत संपविणारा कोणी तरी दिसतो, आणि त्या वेळी मनात उत्पन्न होणारा उद्वेग याच जातीचा असतो. कर्त्याने योजलेला क्रम असा मोडून टाकल्यावर रसहानी होत नाही काय? माझ्या मते होते. परंतु आपण समजतो त्या ठिकाणी होत नाही.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या या खेळाचे दिग्दर्शन योशिओ साकामोतो यांचे. सेमस आरन ही चिलखतधारी स्त्री झेबेस नावाच्या ग्रहाच्या पोटात एकटी उतरते, एवढेच म्हटले तरी कथानक बहुतेक सांगून झाले. खरी कथा आहे ती त्या ग्रहाच्या भूगोलाची. हिरवे दार सुपर मिसाइलवाचून उघडत नाही. नॉरफेअरच्या तप्त दालनांत योग्य चिलखताविना पाऊल टाकले की प्राणशक्ती झरझर ओसरू लागते. मॅरिडियाच्या पाण्यात सेमसचे अंग जड होते. साधन नाही म्हणून वाट बंद. आणि पुढे साधन हाती आले की मागे सोडलेली ती वाट एकाएकी आठवते. हे आठवणे हाच या कृतीचा मुख्य आनंद आहे. क्रम उभा आहे तो अशा कुलपाकिल्ल्यांवर.

स्पीडरन करणारे खेळाडू ही कुलपे किल्लीवाचून उघडतात. ब्रिन्स्टार या भागात एका दालनातील दारे एकामागून एक खाली येऊन वाट अडवितात. धावत येऊन उडी घ्यावी, हवेतच देहाचा गोळा करावा, आणि जमिनीला टेकताना नेमक्या क्षणी पुढची कळ दाबावी. मग धावण्याचा वेग त्या गोळ्यात टिकून राहतो व दारे मिटण्यापूर्वी पलीकडे जाता येते. तिथे सुपर मिसाइल मिळते आणि स्पोअर स्पॉन या राक्षसाशी झुंजण्याचे कारणच उरत नाही. टूरियन या अंतिम प्रदेशाच्या तोंडाशी चार राक्षसांचे मिळून एक सोनेरी शिल्प आहे. चौघे मेल्यावर ते वाट देते. रूढ क्रमात क्रेड आधी आणि रिडली शेवटी मरतो. जाणते खेळाडू हा क्रम उलटा करतात: रिडली प्रथम, क्रेड अखेर. शिल्पाला त्याचे काहीच वाटत नाही, कारण त्याने चार मृत्यू मागितले होते, त्यांचा क्रम मागितला नव्हता. आपल्या कचेऱ्यांतून ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ चालणाऱ्या फाइलीचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. चार शेरे हवेत एवढेच नियमात आहे, कोणता आधी हे नाही, ही गोष्ट मूळ नियम वाचलेल्या एखाद्या जुन्या लेखनिकालाच ठाऊक असते.

मला तर या कृतीचे सर्वांत सुंदर स्थळ ब्रिन्स्टारमधील एका खोल विवरात सापडते. तिथे उतरलेल्या नवख्याला वर येण्याचा मार्ग दिसत नाही. तळाशी तीन लहान हिरवे प्राणी आहेत. त्यांचे नाव एटेकून. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या घेत वर चढतात. एवढेच. एक अक्षर नाही, सूचना नाही. आपण पाहावे, पडावे, पुन्हा पाहावे. ही उडी काही नवे साधन मिळाल्याने येत नाही; सेमसला ती पहिल्या क्षणापासून येत होती, आपल्याला ठाऊक नव्हते इतकेच. दुसऱ्या एका ठिकाणी डाकोरा हा मोठा पक्षी असाच धावून, अंगात वेग साठवून, आकाशात झेपावून दाखवितो. क्रमभंगाची पुष्कळशी विद्या अशी खुद्द कृतीनेच शिकविलेली आहे. मग तिचा वापर करणाऱ्याला कृतीचा द्रोही कसे म्हणावे?

एकाकीपणाची भीती मात्र जाते, हे मान्य केले पाहिजे. केंजी यामामोतो आणि मिनाको हामानो यांच्या संगीतातील तो गूढ थरकाप घड्याळ पाहणाऱ्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. परंतु तिच्या जागी दुसरी भीती येते. चिलखताविना नॉरफेअर ओलांडताना प्राणशक्तीचा आकडा उतरत असतो आणि उरलेली दालने मनाशी मोजलेली असतात. पहिल्या फेरीत नुसता तापदायक वाटलेला तो प्रदेश इथे प्रथमच खरोखर जाळतो.

खेळाच्या भिंतींतून आरपार जाऊन, यंत्राच्या स्मृतिकोशातील आकड्यांशी लपंडाव करीत शेवट गाठण्याचीही एक रीत आहे. तिच्यातील बुद्धी अचाट आहे. पण तिथे झेबेस उरत नाही. ग्रंथ बाजूला ठेवून त्याची बांधणी उसविण्यासारखे ते होते. खुद्द स्पीडरन करणारेही अशा खेळींची नोंद वेगळी ठेवतात, यात त्यांची रसिकता दिसते.

कर्त्यांनाही हे अवज्ञेचे वाचन पुढे पसंत पडले असावे. २००२ सालच्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’मध्ये पावलोपावली संगणकाची आज्ञा आणि बंद दारे आहेत, तरी एका अतिकठीण युक्तीने जो आज्ञेबाहेर जातो, त्याच्यासाठी एक गुप्त संवाद लिहून ठेवला आहे. २०२१ सालच्या ‘मेट्रॉइड ड्रेड’मध्ये बॉम्ब नियोजित वेळेआधी मिळविणाऱ्याला क्रेडचा झटपट वध करण्याची खास सोय आहे.

मूळ खेळाने मात्र अशा वाचकासमोर एक अवघड प्रश्न ठेवला आहे. अखेरीस ग्रह फुटण्यापूर्वी बाहेर पडायला तीन मिनिटे मिळतात. वाटेत किंचित वळले तर एका दालनात ते एटेकून आणि तो डाकोरा अडकलेले आढळतात. भिंत फोडून दिली की ते पळून जातात आणि ग्रहाचा स्फोट होताना प्रकाशाचा एक इवला ठिपका दूर निसटताना दिसतो. या वळणाला काही सेकंद लागतात. ज्याने त्यांच्याकडून उडी शिकून प्रत्येक सेकंद वाचविला, त्याच्याकडेच ते सेकंद मागितले जातात, आणि विक्रमाच्या मागे लागलेला खेळाडू ते देत नाही. ‘गेम्स डन क्विक’ या अमेरिकेतील धर्मादाय मेळाव्यात तर प्राण्यांना वाचवावे की मारावे यावर प्रेक्षक देणग्यांच्या रकमांनी कौल देतात. मला ती थट्टा वाटत नाही. या कृतीवरचा तो जुना, न मिटलेला टीकात्मक वाद आहे. तीन तासांच्या आत पोहोचणाऱ्याला खेळ निराळा शेवट दाखवितो. मी घड्याळ लावून बसलो तरी त्या दालनाकडे वळतो, आणि त्यापायी तीन तासांची मर्यादा चुकली असे अद्याप झालेले नाही.