व्हिडिओ गेमांची पाहणी : एक परीक्षण

अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्यानें जुलै २०२३ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. सन २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या व्हिडिओ गेमांपैकीं शेंकडा ८७ आतां बाजारांत मिळत नाहींत, हा तिचा निष्कर्ष. दप्तरें धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस विषय परका वाटेल. परंतु साधनांच्या नाशाचा प्रश्न तोच आहे.

पाहणीचा मोठा गुण हा कीं, केवळ नांवाजलेले खेळ न घेतां सर्व खेळांतून सरसकट नमुना काढिला आहे. त्यामुळें फसलेले खेळही मोजले गेले. हें योग्यच झालें. तहनामे जपून कीर्दी रद्दींत घातल्या असत्या, तर जुने भाव व मजुरी आपणांस कशी कळती? सन २००९ मधील 'हनुमान : बॉय वॉरियर' हा हैदराबादेस तयार झालेला प्लेस्टेशनवरील खेळ समीक्षकांस रुचला नाहीं, तथापि तो वगळल्यास भारतांतील या धंद्याच्या आरंभाचा एक पुरावाच जाईल.

दोष दोन. बाजारांत न मिळणें व नष्ट होणें यांतील भेद सामान्य वाचकाच्या मनावर पुरता ठसत नाहीं. छपाई थांबलेला ग्रंथ ग्रंथालयांत असूं शकतो. दुसरें, पाहणी अमेरिकेपुरतीच आहे. आमच्याकडील स्थिति अधिक बिकट. सन १९९९ मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या इंडियागेम्सनें क्रिकेट व हिंदी चित्रपट यांवरील पुष्कळ खेळ मोबाइल फोनांसाठीं काढिले. कंपनी पुढें यूटीव्हीकडे व नंतर डिस्नेकडे गेली. असे खेळ बहुधा फोनांतच उतरवून घेतले जात; तबकडी नसे. सन १९५४ च्या कायद्यान्वयें ग्रंथांच्या प्रती मुंबईसह चार शहरांतील ग्रंथालयांस पाठवाव्या लागतात. खेळांस तसें बंधन नाहीं.

म्हणून भार संग्राहकांवरच येतो. मुंबईहून आलेले जुने फोन हातखंब्यासारख्या गांवीं फडताळांत पडलेले असतात. कोंकणची दमट हवा त्यांचा वैरी. त्यांतील बॅटरी काढून ठेवावी, फोन कोरड्या जागीं बांधावा, आंतील कांहीं पुसूं नये, व धनी, वर्ष आणि खेळांचीं नांवें चिठीवर टिपावीं. खेळ बरा कीं वाईट, हा निवाडा मागाहूनही करितां येईल. गेलेला खेळ मागाहून मिळणार नाहीं.